संकलन, पुस्तकातलं आणि संगणकातलं

'संकलक' हा शब्द मला आधी वाङ्मय मंडळाच्या कपाटात भेटला आणि नंतर कंप्युटरच्या वर्गात. कपाटात लोकगीतांचं एक जुनं पुस्तक आहे. त्यावर लेखकाच्या जागी 'संकलक' असं छापून पुढे नाव दिलंय. म्हणजे गाणी त्या गृहस्थांची नव्हेत. त्यांनी ती गावोगाव फिरून जमवली, निवडली, ओळीनं लावली आणि एका पुस्तकात बांधली. वर्गात जेव्हा कळलं की 'कंपायलर'लाही मराठीत संकलक म्हणतात, तेव्हा मला प्रश्न पडला. कंपायलर तर भाषांतर करतो. आपण सी भाषेत लिहिलेलं तो मशीनच्या भाषेत नेऊन ठेवतो. मग त्याला भाषांतरकार म्हणायचं सोडून संकलक कशाला?

या प्रश्नाचं उत्तर मला गेल्या वर्षी मिळालं, एका गावातल्या वाचनालयासाठी आम्ही चौघांनी प्रोग्राम लिहिला तेव्हा. ते उत्तर मंडळातल्या सगळ्यांना सांगावं म्हणून हा लेख. 'आम्हाला नाही बाई त्यातलं काही कळत' म्हणणाऱ्यांनीही पान उलटू नये. यात कंप्युटर आहे तेवढाच आपला अंकही आहे आणि आपलं बेळगावही आहे.

वाचनालय खानापूर तालुक्यातल्या एका गावातलं. देवळाला लागून एक खोली, लाकडी कपाटं, एक मोठं टेबल आणि त्यावर रजिस्टरं. तिथलं सगळं बघणाऱ्यांना गावात सगळे मामा म्हणतात, म्हणून आम्हीही मामाच म्हणायला लागलो. कुणीतरी त्यांना एक जुना कंप्युटर दिला होता. इंटरनेट नाही, आणि काही बिघडलं तर बघायला जवळ माणूस नाही. मामांचं म्हणणं सरळ होतं. पुस्तकाचं नाव टाकलं की ते कुठल्या कपाटात आहे आणि कुणाकडे गेलंय हे दिसावं, आणि पुस्तकांची यादी रजिस्टरात आहे त्याच क्रमानं लागावी. "आणि पोरींनो, धा फायली देऊ नका मला. एकच द्या. पेन ड्राइव्हवर घालून आणा. दोनदा क्लिक केलं की चालू व्हायला पायजे."

आमच्या भाषेत यालाच एक्झिक्युटेबल म्हणतात. एकच फाईल, जिच्या पोटात सगळं आलंय आणि जी दुसऱ्या कशासाठी अडून बसत नाही.

मामांना फाईल एक हवी असली तरी लिहिणारे आम्ही चौघं होतो. एका मैत्रिणीनं मराठी वर्णक्रमाचं मॉड्यूल लिहिलं, दुसरीनं देवघेवीचं. शोधाचं काम वर्गातल्या एका मित्राकडे होतं. त्याच्या घरी कन्नड बोलतात, म्हणून त्यानं कन्नड वर्णक्रमाचंही एक मॉड्यूल लिहून ठेवलं. पडद्याचं काम माझ्याकडे, आणि 'मेन'ही माझ्याकडे. मेन म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो ती जागा. बाकी सगळ्यांना कामाला बोलावणारी हाक तिथून निघते.

वर्णक्रम हे मॉड्यूल ऐकायला किरकोळ वाटतं, पण खरी मजा तिथंच होती. कंप्युटरच्या पोटात प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो. युनिकोडच्या आकड्यांत 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसतो. आपल्या वर्णमालेत मात्र तो 'ह'च्या नंतर येतो. आकड्यांवर सोडलं तर 'काळ' हा शब्द 'कास'च्या आधी येतो, आणि आपल्या क्रमानं 'कास' आधी आणि 'काळ' नंतर. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना तर स्वतःचा आकडाच नाही. कंप्युटरला ते क आणि ष, ज आणि ञ यांची जोडाक्षरं म्हणून दिसतात. त्यामुळे आकड्यांप्रमाणे यादी लावली की ज्ञानेश्वरी 'ज'मध्ये जाऊन बसते. मामांच्या रजिस्टरात 'ज्ञ' सगळ्यात शेवटी, 'ह', 'ळ' आणि 'क्ष'च्याही पुढे. पहिली यादी दाखवली तेव्हा ते म्हणाले, "हे यंत्र ज्ञानेश्वरी कुठं घालालंय बघा की!" मैत्रिणीनं मग एक छोटं फंक्शन लिहिलं, अक्षर दिलं की वर्णमालेतली त्याची जागा सांगणारं. आम्ही त्याचं नाव 'स्थान' ठेवलं होतं. फंक्शन एवढंसं, पण त्याला हाका किती! चार हजार पुस्तकं धरली तर क्रम लावायला साधारण पन्नास हजार तुलना लागतात, आणि एका तुलनेत अक्षरामागून अक्षर विचारावं लागतं. म्हणजे हाका लाखांच्या घरात.

आता चार जणांच्या चार फाईलींचं एक एक्झिक्युटेबल कसं होतं ते सांगते. नेहमीची पद्धत अशी. कंपायलर प्रत्येक फाईल एकेकटी घेतो आणि तिचं मशीनच्या भाषेत पक्कं रूपांतर करून टाकतो. त्या रूपाला ऑब्जेक्ट फाईल म्हणतात. एका फाईलवर काम करताना त्याला शेजारच्या फाईलीत काय आहे ते दिसत नाही. तुलनेच्या फाईलीत 'स्थान'ला हाक आली, पण 'स्थान' दुसऱ्या फाईलीत आहे, तर तो तिथं रिकामी जागा सोडतो आणि चिठ्ठी लावतो की 'स्थान'चा पत्ता नंतर भरा. सगळ्या ऑब्जेक्ट फाईली तयार झाल्या की लिंकर नावाचा दुसरा प्रोग्राम येतो. तो त्या एकापुढे एक ठेवतो, चिठ्ठ्या वाचून रिकाम्या जागी पत्ते भरतो आणि एक्झिक्युटेबल बांधून देतो. आतल्या मजकुराची उलटतपासणी तो सहसा करत नाही. पक्कं झालेलं त्याच्यासाठी पक्कंच.

हे मंडळातल्या मैत्रिणींना सांगताना मला अंकाचा दाखला सापडला. दरवर्षी सूचनाफलकावर लागतं की लेख पीडीएफ करून पाठवू नका, युनिकोडमध्ये टाइप केलेली फाईल पाठवा. का बरं? समजा, सगळ्यांनी पीडीएफच पाठवले. संपादक काय करू शकतील? एकापुढे एक लावतील, पानांचे आकडे घालतील, अनुक्रमणिकेत लेखासमोर पान लिहितील. झाला अंक. पण दोघांनी एकाच जत्रेचं वर्णन पान-पानभर केलंय, एकानं 'बेळगांव' लिहिलंय आणि दुसऱ्यानं 'बेळगाव', तिसऱ्यानं 'मागच्या लेखात आलंय तसं' म्हटलंय आणि तो लेख प्रत्यक्षात पुढे गेलाय, हे दिसूनही त्यांना हात लावता येणार नाही. पीडीएफ म्हणजे ऑब्जेक्ट फाईल आणि पानांचे आकडे घालणारे संपादक म्हणजे लिंकर. लेख कच्च्या रूपात आले तरच संपादकाला संपादन करता येतं.

कंप्युटरवाल्यांनी नेमकं हेच केलं. मॉड्यूलं आधी कच्च्या रूपात गोळा करायची, सगळा प्रोग्राम एका नजरेखाली आणायचा आणि मगच मशीनची पक्की भाषा तयार करायची. याला लिंक-टाइम ऑप्टिमायझेशन म्हणतात, थोडक्यात एलटीओ. यात ऑब्जेक्ट फाईलीत पक्क्या सूचनांऐवजी अर्धं रूपांतर ठेवलेलं असतं, म्हणजे सी नाही आणि मशीनची भाषाही नाही, मधलीच एक भाषा. लिंक करायच्या वेळी हे सगळे खर्डे एकत्र येतात, कंपायलर पुन्हा एकदा बोलावला जातो आणि आता त्याला भिंती नसतात.

भिंती नसल्या की तो काय करतो? पहिलं म्हणजे, 'स्थान'सारखं छोटं फंक्शन वारंवार बोलावलं जातंय हे पाहून तो हाकच काढून टाकतो आणि 'स्थान'चा मजकूर तुलनेच्या मजकुरातच मिसळून देतो. मीठ हवं म्हणून दरवेळी शेजारी जाण्यापेक्षा मीठ आपल्याच डब्यात भरून ठेवावं, तसं. दुसरं, एखाद्या फंक्शनला दर वेळी एकच उत्तर ठरलेला प्रश्न विचारला जात असेल, तर तो प्रश्नच गाळतो. आणि तिसरं, मेनपासून हाका मोजत निघालं तर ज्या फंक्शनपर्यंत कुठल्याच वाटेनं पोचता येत नाही, ते तो उचलून बाहेर ठेवतो.

खरं सांगायचं तर आमच्या एवढ्याशा प्रोग्रामला याची गरज नव्हती. लाखभर हाकांनी जुना कंप्युटरसुद्धा दमत नाही. गरज असते ती फायरफॉक्स, क्रोम यांसारख्या अवाढव्य प्रोग्रामांना, आणि ते खरोखरच असे तयार केले जातात. पण आमचे सर म्हणाले, "दोन्ही तऱ्हांनी करून बघा. काय बदलतंय ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही." म्हणून आम्ही दोन एक्झिक्युटेबल बांधले, एक नेहमीच्या पद्धतीनं आणि एक एलटीओनं. आणि 'एनएम' नावाचं एक छोटं साधन असतं, ते दोन्हींवर चालवलं. ते एक्झिक्युटेबलमधल्या फंक्शनांची नावं छापून दाखवतं. एका अर्थी हजेरीपटच.

नेहमीच्या पद्धतीच्या हजेरीपटावर आमची सगळी नावं होती. एलटीओच्या हजेरीपटावर दोन नावं गायब.

पहिलं नाव 'स्थान'चं. मैत्रीण आधी चमकलीच. पण प्रोग्राम चालवला तर 'काळ' बरोबर 'कास'च्या नंतर, आणि ज्ञानेश्वरी मामांना हवी तिथंच. म्हणजे 'स्थान'चं काम चालू होतं. ते तुलनेत इतकं मिसळून गेलं होतं की त्याला वेगळं नाव उरलं नव्हतं. मला हे फार आवडलं. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात सतरंज्या घालणारे, माईक तपासणारे, पाहुण्यांना चहा देणारे असतात की! त्यांची नावं आभारप्रदर्शनात येत नाहीत, पण ते काम काढून घेतलं तर कार्यक्रम उभा राहत नाही. नाव गेलं, काम राहिलं.

दुसरं गायब नाव कन्नड तुलनेचं. तिथं मात्र नावही नव्हतं आणि कामही नव्हतं. त्या वेळी पडद्यावर भाषेचा पर्याय ठेवायचा की नाही हे ठरायचं होतं, म्हणून मेनमधून हाक जात होती ती फक्त मराठी वर्णक्रमाला. कंपायलरनं सगळ्या वाटा तपासल्या, कन्नड मॉड्यूलकडे एकही जात नाही असं पाहिलं आणि ते संपूर्ण बाहेर ठेवलं, अक्षरांच्या तक्त्यासकट. मित्र हसत म्हणाला, "बघ की, माझं सगळं काम पुसून टाकलंय!" हसला खरा, पण खोलीत जरा शांतता झाली. बेळगावात वाढलेल्यांना सांगायला नको. इथं पाटी कुठल्या भाषेत आहे यावरून माणसं काय काय समजून घेतात ते आम्ही लहानपणापासून बघतोय. गटातलंच कुणीतरी आधी म्हणालं होतं की वाचनालय मराठी आहे, कन्नड कशाला? आणि कुणी असंही म्हणालं होतं की असू दे तिथं, कुणाला त्रास आहे त्याचा?

त्या दिवशी लक्षात आलं की ही दोन वाक्यं ऐकायला वेगळी असली तरी कामाच्या दृष्टीनं एकच आहेत. नेहमीच्या पद्धतीनं बांधलेल्या एक्झिक्युटेबलमध्ये कन्नड मॉड्यूल होतं खरं, हजेरीपटावर नाव होतं, पण त्याला हाक तिथंही कुणी मारत नव्हतं. ते आत नुसतं बसून होतं, मिटिंगला कधीच न बोलावलेल्या सभासदासारखं. एलटीओनं फक्त ती गोष्ट उघड केली. कंपायलरला मराठी-कन्नड काही कळत नाही. त्याला राग नाही, लोभ नाही. तो एवढंच बघतो की सुरुवातीपासून इथवर वाट आहे का? नसेल तर तो म्हणतो की हे तुमच्यात नाही. आणि त्याचं खरंच असतं.

पुढच्या फेरीला गावात गेलो तेव्हा आम्ही मामांना सरळच विचारलं. ते उठले आणि दाराजवळचं एक बुटकं कपाट उघडून दाखवलं. त्यात कन्नड पुस्तकं होती, बहुतेक मुलांची, आणि त्यांच्या नोंदीची वही वेगळी. "आमची नातवंडं कन्नड शाळेला जात्यात. घरात मराठी बोलत्यात, पुस्तक कन्नड मागत्यात. त्यांनी कुठं जायाचं? हे बी वाचनालयातच हाय की!" मामांसाठी हा वादाचा विषयच नव्हता. वाचायला आलेलं पोर हे वाचायला आलेलं पोर.

त्या संध्याकाळी पडद्यावर दुसरं बटण आलं आणि मेनमध्ये एक हाक वाढली. मोजून चार-पाच ओळींचं काम. पुन्हा बांधलं, पुन्हा एनएम चालवलं, आणि हजेरीपटावर मित्राच्या फंक्शनचं नाव आलं. या वेळी ते नुसतं बसायला आलं नव्हतं, त्याला काम होतं. आणि यात एक गंमत अशी की कन्नड वर्णमालेतही 'ळ' शेवटीच येतो, 'ह'च्या नंतर, आणि युनिकोडच्या आकड्यांत तिथंही तो 'ल'च्या मागे जाऊन बसलाय. मैत्रिणीनं मराठीसाठी जी डोकेफोड केली होती तीच मित्रानं कन्नडसाठी स्वतंत्रपणे केली होती. दोघांचं काम एकत्र येईपर्यंत हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं. दोन्ही भाषांनी 'ळ'ला शेवटच्या बाकावर बसवलंय, आणि दोन्हींकडे तो आकड्यांच्या वर्गात चुकीच्या बाकावर सापडतो. एकेकट्या फाईली बघून ही सोयरीक दिसली नसती.

आता माझ्या पहिल्या प्रश्नाकडे येते, कंपायलरला संकलक का म्हणायचं त्याकडे. ग्रेस हॉपर या अमेरिकन गणितज्ञ बाई. युनिव्हॅक या सुरुवातीच्या संगणकासाठी त्यांनी १९५१-५२च्या सुमारास 'ए-०' नावाची व्यवस्था तयार केली. त्या काळी तेच तेच छोटे कार्यक्रम माणसं पुन्हा पुन्हा हातानं उतरून काढायची, आणि उतरताना चुका व्हायच्या. हॉपरबाईंनी असे तयार तुकडे चुंबकीय टेपवर साठवले, प्रत्येकाला क्रमांक दिला. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं फक्त क्रमांक सांगायचे. यंत्र ते तुकडे टेपवरून शोधून आणायचं, पत्ते जुळवायचं आणि एकसंध प्रोग्राम बांधायचं. या कामाला त्यांनी 'कंपायलर' हे नाव दिलं ते याच अर्थानं, संग्रहातून तुकडे जमवणारा म्हणून. आजच्या हिशेबानं ते काम कंपायलरपेक्षा लिंकरच्या जवळचं आहे. भाषांतर हा अर्थ त्या शब्दाला नंतर चिकटला. म्हणजे मराठीत ज्यानं 'संकलक' शब्द केला त्यानं मूळ अर्थच धरून ठेवला होता!

आणि हा शब्द पुस्तकवाल्यांकडूनच आलेला. १८३१ साली मुंबईत छापलेल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या मुखपृष्ठावरही 'कंपाइल्ड' हाच शब्द आहे. मोल्सवर्थ आणि कँडी बंधू यांनी शास्त्री-पंडितांच्या मदतीनं शब्द जमवले, पारखले आणि क्रमानं लावले. कोश असा फाईलीगणिक पक्का करता येत नाही. 'क'चे शब्द लावताना 'ह'कडे काय आलंय हे कुणाला तरी माहीत असावं लागतं.

संगणकाच्या जगात मात्र मधल्या काळात उलट वारं वाहिलं. प्रोग्राम मोठे झाले, यंत्रांची मेमरी तोकडी होती. एक ओळ बदलली की सगळा प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचा हे परवडेना. १९५८ साली आलेल्या फोरट्रान-२ नं तुकडे वेगवेगळे कंपाइल करायची सोय दिली आणि तीच रीत पडली. ती चांगलीच होती, आजही आहे. चार जण चार ठिकाणी बसून काम करू शकतात ते त्यामुळेच. पण त्याबरोबर भिंती आल्या. यंत्रं पुरेशी मोठी झाल्यावर लोकांना वाटू लागलं की लिहिताना वेगळे राहू, पण पक्कं करण्याआधी एकदा एकत्र बसू. २००२ साली मायक्रोसॉफ्टच्या सी++ कंपायलरमध्ये ही सोय आली. त्याच सुमाराला इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि त्यांचे मार्गदर्शक विक्रम अडवे यांनी एलएलव्हीएम उभं केलं. त्याची रचनाच अशी की प्रोग्रामचं मधलं रूप शेवटपर्यंत हाताशी राहावं. हे अडवे सर मुंबईच्या आयआयटीत शिकलेले. २०१० साली जीसीसी ४.५ मध्ये ही सोय आली. आम्ही वापरला तो हाच जीसीसी, कुणालाही फुकट मिळणारा.

आमच्या पेन ड्राइव्हवरच्या फाईलीतही एक असं संकलन आयतं होतं. पुस्तकांच्या नोंदी साठवायला आम्ही एसक्यूलाइट वापरलं. तुमच्या मोबाईलमध्येही ते असतं. ते लिहिणारे शंभरहून अधिक वेगवेगळ्या फाईलींत लिहितात, पण लोकांना देताना सगळं एकाच सी फाईलीत जोडून देतात. ती एक फाईल दोन लाखांहून जास्त ओळींची! कंपायलरला सगळं एकदम दिसल्यामुळे ५ ते १० टक्के वेग वाढतो असं त्यांनी मोजून लिहिलंय. आपल्यासारख्या ख्रिस्ती कॉलेजच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या फाईलींच्या डोक्यावर हक्कांची नोटीस नसते, वापरणाऱ्यासाठी छोटा आशीर्वाद असतो. आणि त्यांच्या प्रकल्पाची आचारसंहिता संत बेनेडिक्टच्या मठनियमांवरून घेतलेली आहे. मठ म्हणजे तरी काय, वेगवेगळ्या खोल्यांत राहणारी आणि ठरल्या वेळी एकत्र जमणारी माणसं.

पण सगळं एकत्र आणायची किंमतही असते, ती सांगितली नाही तर लेख एकतर्फी होईल. एलटीओनं बांधताना वेळ लागतो आणि मेमरी खूप लागते. एकानं एक ओळ बदलली की शेवटचं मोठं काम पुन्हा करावं लागतं. शिवाय मजकूर इतका मिसळून जातो की काही बिघडलं तर ते मूळ कुणाच्या फाईलीतलं हे शोधणं अवघड होतं. अंकातही हे होतंच. संपादकांनी सगळ्यांच्या लेखांवर एकसारखा हात फिरवला की सगळे लेख एकाच माणसानं लिहिल्यासारखे वाटतात आणि खानापूरकडची 'हाय की' गळून जाते.

यावरही एक शहाणा तोडगा निघालाय. त्याला थिन-एलटीओ म्हणतात, एलएलव्हीएममध्ये तो २०१६ साली आला. त्यात सगळ्या फाईली एका ढिगात ओतत नाहीत. प्रत्येक मॉड्यूल सोबत स्वतःचा छोटा गोषवारा देतं: माझ्यात कोणती फंक्शनं आहेत, ती केवढी आहेत, मी कुणाकुणाला हाक मारतं. सगळे गोषवारे एकत्र वाचून ठरतं की कुणी कुणाकडून काय घ्यायचं. मग प्रत्येक मॉड्यूल तेवढंच शेजाऱ्याकडून आणतं आणि आपापलं काम आपापल्या जागी पूर्ण करतं, सगळी एकाच वेळी. मला वाटतं, आपल्या अंकाला हेच जमेल. लेख पूर्ण व्हायची वाट न बघता प्रत्येकानं आधी चार ओळींचा गोषवारा द्यावा: मी कशावर लिहितोय, कुणाच्या विषयाला लागून आहे. दोघी एकाच जत्रेवर लिहीत असतील तर तेव्हाच कळेल. एक जण देवळाबद्दल लिहील, दुसरी पाळण्याबद्दल. आणि भाषा ज्याची त्याची राहील.

मामांच्या कंप्युटरवर प्रोग्राम चालू आहे. मध्ये त्यांचा निरोप आला की नातीनं कन्नड बटण दाबून स्वतःच पुस्तक शोधलं आणि वहीत सहीही स्वतःच केली. मित्राला सांगितलं तर तो नुसतं "हां" म्हणाला, पण त्या दिवशी कँटीनचा चहा त्यानं पाजला.

आता नव्या अंकाचं काम सुरू होतंय. मंडळाच्या यादीत आपण सगळे आहोतच, हॉस्टेलवर राहणारेही आहेत, घरी मराठी आणि शाळेत कन्नड शिकलेलेही आहेत, शुद्धलेखनाच्या धास्तीनं कधीच काही न देणारेही आहेत. यादीत नाव असणं पुरेसं नाही हे मी हजेरीपटावर बघितलंय. मेनमधून हाक गेली पाहिजे, आणि अंक पक्का व्हायच्या आधी गेली पाहिजे. नंतर फक्त पानांचे आकडे घालता येतात. म्हणून शेजारी बसणाऱ्याला या आठवड्यातच विचारा, "तू काय देणार आहेस गा?"

आणि लेख पाठवताना कृपा करून पीडीएफ नको.